गळवे अस्वच्छतेमुळेच येतात असे नाही

आरोग्य पुरवणीतील उन्हाळ्यातल्या गळवांवरील लेख वाचला. गळवे टाळण्यासाठी नीट आंघोळ करा, हा त्यातला स्वच्छतेचा सल्ला ठीकच. पण काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली त्याच जागी वारंवार गळवे येत असतील, तर तो हिड्राडेनायटिस सुपुराटिव्हा हा केसांच्या मुळांशी होणारा दाहजन्य विकार असू शकतो, याचा उल्लेख हवा होता. तो संसर्गजन्य नाही, साबण कमी पडल्यानेही होत नाही. धूम्रपान व लठ्ठपणाने मात्र बळावतो. नुसती चीर देऊन पू काढला, तर गळू बहुधा पुन्हा उद्भवते. प्रतिजैविके, अडालिमुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाची (महागडी) इंजेक्शने, गरजेनुसार शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. दुखणे अवघड जागेचे असल्याने रुग्ण आधीच गप्प बसतात. त्यांना ‘नीट आंघोळ करा’ऐवजी ‘त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा’ असे सांगायला हवे होते.

– एक वाचक, सातारा