दादा, त्या मधल्या चार सुरांसाठी थँक यू

दादा,

समोर थँक यू म्हणायला गेलं की तुम्ही क्लॅरिनेटची रीड, ती तोंडाकडची पातळ पट्टी, भिजवायला घेता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

मी डबल बास वाजवतो, ते उभं धरायचं भलं मोठं तंतुवाद्य. बासवाल्याला कुठेही वाजवायला बोलावतात तेव्हा काय सांगतात ते ठरलेलं असतं, ठेका धर, खालचा सूर सांभाळ, बाकी आम्ही बघतो. तुमच्या ट्रिओत, म्हणजे तिघांच्या गटात, बोलावलंत तेव्हा तुम्ही तसलं काहीच बोलला नाहीत. क्लॅरिनेट, पियानो आणि बास, ड्रमर नाही, एवढंच सांगितलंत आणि कागद पुढे सरकवलात, आणि त्या कागदावर पहिली सुरावट माझी होती, क्लॅरिनेट नंतर येणार होती. मला वाटलं पार्ट बदलले गेलेत, विचारलंही तसं, तर म्हणालात तुझाच आहे, आधी गाऊन बघ.

ड्रमर का नाही हे मग तुम्ही सांगून नाही, वाजवून दाखवलंत. क्लॅरिनेट खालच्या भागात इतकी हळू वाजू शकते की सूर कधी सुरू झाला ते कळतच नाही, आणि अशा वेळी शेजारी झांज वाजली की ते सगळं बुडून जातं, बासच्या सुराचं शेपूटही जातं. मग जॅझमधली दोन रेकॉर्डिंग एकामागून एक लावलीत, दोन्हीत क्लॅरिनेटवाल्याचा ट्रिओ. १९३५ चा बेनी गुडमनचा ट्रिओ, टेडी विल्सन पियानोवर, जीन क्रुपा ड्रम्सवर, आणि बासच नाही! विल्सनचा डावा हात माझं सगळं काम करतोय आणि मी ऐकत बसलोय. आणि लगेच १९६१ मधला जिमी जुफ्री, पियानोवर पॉल ब्ले आणि बासवर स्टीव्ह स्वॉलो, तिथे ड्रम्स नाहीत आणि लय कुणा एकाच्या गळ्यात मारलेली नाही, स्वॉलोचा बास क्लॅरिनेटशी बरोबरीने बोलतोय. मला नेमकं काय ऐकवायचं ते तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. तो ट्रिओ तेव्हा फार टिकला नाही याचं मला अजून वाईट वाटतं, १९८९ मधे तिघं परत एकत्र वाजले ते ऐकल्यावर तर जास्तच.

पण खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. तुम्ही मला तुमचं वाद्य उघडून दाखवलंत. सॅक्सोफोनवर अंगठ्याची कळ दाबली की खालच्या सा चा वरचा सा होतो, क्लॅरिनेटवर तसं होत नाही, ती त्याच्याही वरच्या प वर जाते, कारण नळी जवळजवळ सगळीकडे सारख्याच रुंदीची आणि तोंडाकडून बंद. म्हणून मधलं अंतर भरायला जास्तीच्या कळा लागतात आणि तिथेच ते चार सूर येतात, जी पासून बी फ्लॅट पर्यंत, थ्रोट टोन. जवळजवळ सगळी बोटं उचललेली, नळी आखूड, आवाज पातळ आणि थोडा धुरकट. शिकणारे तिथून पळत पुढे जातात, बरेच लिहिणारेही ते टाळतात. तुम्ही मात्र मुद्दाम तिथेच थांबता! तुमच्या स्लो पीसमधे क्लॅरिनेट त्या बी फ्लॅटवर येऊन उभी राहते आणि तेवढ्यात सुरावट बासकडे येते, आणि तुमचा सूर पातळ असल्यामुळेच माझं लाकूड ऐकू येतं. वाद्य जिथे कमकुवत आहे तिथे दुसऱ्याला जागा द्यायची, असं लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मी पहिल्यांदा काहीतरी लिहून आणलं तेव्हाही तुम्ही त्यातला एक सूर बदलला नाहीत. जसं होतं तसं वाजवलंत आणि एवढंच विचारलंत, मी श्वास कुठे घेऊ? गज ओढणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येतच नाही हो. आता कुणासाठीही लिहायला बसलो की आधी श्वासाच्या जागा ठरवतो, मग सुरावट. तो पीस तुम्ही कार्यक्रमातही घेतलात, माझं नाव सांगून, आणि नाव सांगताना माइक माझ्याकडे वळवलात, घरचे सगळे समोर बसले होते. ट्रिओ तुमचा, बहुतेक पीस तुमचे, तरी पैसे नेहमी तीन सारखे भाग, यावर तुम्ही कधी बोलत नाही म्हणून मीच सांगून टाकतो.

नवीन पीस लिहिलाय, तुम्हाला पाठवतोय. तुमची क्लॅरिनेट कागदावरच्यापेक्षा एक सूर खाली वाजते, म्हणून तिचा पार्ट एक सूर वर करूनच लिहिलाय, परत उतरवत बसू नका. सुरुवात तुमच्या त्या बी फ्लॅटवर, म्हणजे माझ्या कागदावर ए फ्लॅट, खाली मी गजाने धरून ठेवणार, पियानो बराच वेळ गप्प. श्वासाच्या खुणा पेन्सिलने केल्यात, त्या तुम्ही हव्या तिथे हलवा. पुढचा सराव कधी ते कळवा.

तुमचा,
बासवाला