घर न्यूजर्सीत, एकाची नोकरी न्यूयॉर्कात

संपादक महोदय,

एडिसन, जर्सी सिटी भागात राहणाऱ्या अनेक मराठी घरांत दोघांपैकी एकच जण न्यूयॉर्कला नोकरीला जातो. अशा घरांची राज्यांची रिटर्न्स (करविवरणपत्रे) ठरावीक जागीच चुकतात आणि भुर्दंड बसतो, म्हणून हे पत्र.

आधी फेडरल (केंद्र सरकारचे) रिटर्न, मग न्यूयॉर्कचा अनिवासींसाठीचा आयटी-२०३ आणि शेवटी न्यूजर्सीचा रहिवाशांसाठीचा एनजे-१०४०, हा क्रम मोडू नये. फेडरल रिटर्न संयुक्त (नवरा-बायकोचे एकत्र) असेल तर ही दोन्हीही संयुक्तच भरावी लागतात.

समजा, नवऱ्याचा मॅनहॅटनमधला पगार १,२०,००० डॉलर आणि बायकोचा एडिसनमधला ८०,०००. न्यूयॉर्क आधी दोन लाखांवर कर काढते आणि त्यातला ६० टक्के घेते. म्हणजे बायकोच्या पगारावर तिथे कर नाही, पण त्या पगारामुळे दर मात्र चढतो. त्यानंतर न्यूजर्सी एनजे-सीओजे या शेड्यूलवर (रिटर्नच्या जोडपत्रावर) क्रेडिट, म्हणजे आपल्या करात वजावट, देते. न्यूयॉर्कला लागलेला कर किंवा न्यूजर्सीच्या करातला त्याच उत्पन्नाचा वाटा, यांपैकी जी रक्कम कमी तेवढेच.

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते. डब्ल्यू-२ च्या (कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-कपातीच्या फॉर्मच्या) १७ व्या चौकटीतली रक्कम ‘भरलेला कर’ म्हणून लिहिली जाते. ती नुसती पगारातून झालेली कपात असते. क्रेडिटसाठी आयटी-२०३ वर हिशेबाअंती निघालेला कर धरायचा. न्यूयॉर्ककडून रिफंडही घ्यायचा आणि त्याच पैशांवर न्यूजर्सीत क्रेडिटही, हे चालत नाही. तपासणीत ते व्याजासकट परत द्यावे लागते.

वरच्या उदाहरणात न्यूजर्सीचा निदान ४० टक्के कर उरतोच. बायकोच्या कंपनीला नवऱ्याचा पगार माहीत नसतो, त्यामुळे तिची कपात अपुरी पडते. तिने कंपनीला कपात कळवणारा एनजे-डब्ल्यू४ फॉर्म भरताना त्यातला दोन पगारांचा तक्ता पाहून दर निवडावा. तरीही ४०० डॉलरपेक्षा जास्त बाकी निघणार असेल, तर दर तिमाहीला एनजे-१०४०-ईएसने आगाऊ कर भरावा.

घरून केलेल्या कामाबद्दलही गैरसमज फार. स्वतःच्या सोयीसाठी एडिसनच्या घरून काम केले, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरला जातो, म्हणजे त्या दिवसाच्या पगारावर न्यूयॉर्कचा कर लागतो. पुण्याला आईवडिलांकडे राहून महिनाभर लॅपटॉपवर काम केले तरी तेच. कंपनीने कामानिमित्त बॉस्टनला पाठवलेले दिवस मात्र वजा होतात. त्यांची तिकिटे आणि ईमेल जपून ठेवावेत.

न्यूयॉर्क शहराचा आयकर फक्त तिथल्या रहिवाशांना लागतो. डब्ल्यू-२ च्या १९ व्या चौकटीत तो कापलेला दिसला, तर आयटी-२०३ वरच परत मागावा आणि कंपनीला अनिवासी असल्याचा आयटी-२१०४.१ फॉर्म भरून द्यावा.

नोकरी पेनसिल्व्हेनियात असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही राज्यांत करार असल्याने पगारावर फक्त न्यूजर्सीचा कर लागतो. त्यासाठी कंपनीला पेनसिल्व्हेनियाचा कर न कापण्याचा आरईव्ही-४१९ फॉर्म द्यावा. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा शहराचा कर) तरीही कापला जातो, पण त्याचे क्रेडिट न्यूजर्सीत मागता येते.

— एक करसल्लागार, एडिसन (न्यूजर्सी)