अ‍ॅक्चुअरी व्हायचंय, मग मॅथ्स नीट शिका

महोदय,

बारावीनंतर अ‍ॅक्चुअरी (विमा-पेन्शनमधल्या जोखमीचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ) व्हायचंय म्हणणारी मुलं आता आमच्या सांगलीकडेही दिसायला लागलीत, खूप बरं वाटतं. पण त्यांना सर्रास सांगितलं जातं की डिग्री कुठलीही काढ, एसीईटी ही प्रवेश परीक्षा पास हो आणि पेपर देत सुट. हे मला अजिबात पटत नाही. साधं लाइफ टेबल घ्या, एक लाख जन्म धरायचे, दर वयाला किती जण उरले ते बघायचं, आणि त्यावरून साठीनंतरच्या पेन्शनची आजची किंमत काढायची, म्हणजे प्रोबॅबिलिटी आणि चक्रवाढ व्याज दोन्ही एकदम लागतं, नुसता फॉर्म्युला पाठ केलेला पोरगा प्रश्न जरा फिरवला की अडकतोच. बीएस्सीला मॅथ्स-स्टॅट्स मन लावून केलं तर हा पाया पक्का होतो.

आणखी एक. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाच्या सीएस१ या स्टॅट्सच्या पेपरला 'आर' या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरवर सोडवायचा वेगळा भाग असतो, आणि इकडे कितीतरी मुलं अजून स्टॅट्सचं प्रॅक्टिकल जर्नलमध्ये हातानेच उतरवतायत! 'आर' फुकट मिळतं, लायसन्सचा खर्च नाही. विद्यापीठांनी निदान येत्या वर्षापासून ते प्रॅक्टिकलला कंपल्सरी करावं, ही कळकळीची विनंती.

– गणिताची एक शिक्षिका, सांगली