विद्यार्थ्यांचा सहभाग आणि श्रेयाचा प्रश्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राध्यापकांनी स्वतःच्या प्रत्यक्ष कामात, मग ते संशोधन असो, सल्लागारीचा प्रकल्प असो, इमारतीचा आराखडा असो वा एखाद्या ग्रंथाचे संपादन, पदवीच्या विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावे, या विचाराला माझा मनापासून पाठिंबा आहे. पाठ्यपुस्तकातील गणिताचे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रत्यक्षात मात्र माहिती अपुरी असते, काम देणारा मध्येच मागणी बदलतो आणि पहिला मसुदा बहुधा टाकून द्यावा लागतो. आपले शिक्षक अशा वेळी निर्णय कसा घेतात, हे शेजारी बसून पाहिल्याखेरीज कळत नाही. म्हणूनच विद्यार्थ्याकडे केवळ तक्ते भरण्याचे काम देऊन त्याला सहभाग म्हणणे मला पटत नाही. जिथे निर्णय होतात त्या चर्चेत त्याला जागा हवी.

ही कल्पना जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी जर्मनीतील गीसेन येथे प्रयोगशाळेतील संशोधनालाच अध्यापनाचे रूप दिले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्याला श्रेयांक किंवा मानधन मिळू शकते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

कारण खरी अडचण श्रेयाची आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील औषध १९४३ मध्ये अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांच्या हातून वेगळे केले गेले. सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी शॅट्झ यांना आपल्याच गुरूंविरुद्ध न्यायालयात जावे लागले, आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक तरीही एकट्या वॅक्समन यांनाच मिळाले. जिथे काम देणारा आणि गुण देणारा एकच असतो, तिथे विद्यार्थी तक्रार करायला धजावत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

तेव्हा विद्यापीठांनी असे काम सुरू होण्यापूर्वीच एक साधा लेखी करार बंधनकारक करावा. विद्यार्थ्याचे नाव कुठे आणि कोणत्या स्वरूपात येईल, शिक्षकाला मोबदला मिळत असल्यास त्यातील विद्यार्थ्याचा वाटा किती, कोणती माहिती गोपनीय राहील, हे त्यात स्पष्ट असावे. आणि विद्यार्थ्याने काम नाकारल्यास त्याच्या गुणांवर परिणाम होणार नाही, अशी हमीही त्याच कागदावर असावी.

आपला,
एक वाचक