पुस्तक बदलून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

येत्या महिनाअखेरीला तुम्ही वाचनालयातून निवृत्त होताय, असं धाकट्या भावाकडून कळलं. निरोप समारंभाला माझी ड्युटी आहे, रजा मिळणार नाही. पण जे सांगायचंय ते आपल्या गावातल्या चार लोकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

आठवीत असताना आई मला वाचनालयात घेऊन आली. अनामत एकरकमी भरणं आम्हाला जड होतं. तुम्ही ती दोन वेळा मिळून घेतलीत आणि तसं कुणाला जाणवूही दिलं नाहीत. पुस्तक बदलायला आले की तुम्ही मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारता मारता विचारायचात, "कुठवर वाचलंस?" आवडलं का, असं कधीच नाही. मी म्हणायचे, मध्येच कंटाळा आला. मग तुम्ही नेमकं कुठे ते विचारायचात, आणि आत जाऊन कपाटातून त्या उत्तराला साजेसं पुढचं पुस्तक काढून आणायचात. "हे तुझ्या वयाचं नाही" हे वाक्य मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुम्ही मला तीनदा दिलंत. शाळेत असताना वाचलं तेव्हा त्यांच्या वडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या गोष्टींनी हसून मुरकुंडी वळली होती. बाकीचं बरंचसं डोक्यावरून गेलं.

दुसऱ्यांदा मी बाळंतपणासाठी माहेरी होते. तुम्ही भावाच्या हाती तेच पुस्तक धाडलंत. तेव्हा माझं सासरी फारसं बरं चाललेलं नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. या खेपेला 1895 साल आलं आणि मी तिथेच थबकले. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पण नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या मुकाट्याने मागोमाग गेल्या नाहीत. मनातल्या एकेका गाठीशी झगडत राहिल्या, आणि पटलं तेव्हा, 1900 मध्ये, स्वतःच्या पायांनी पुढे जाऊन ख्रिस्ती झाल्या. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई. मी नर्सिंगचं राहिलेलं शिक्षण पुरं करायचं ठरवलं ते त्याच दिवसांत. एका पुस्तकाने आयुष्य बदललं, असं मी म्हणणार नाही. आईने बाळ सांभाळलं म्हणून ते जमलं. पण विचारून बघायचं धैर्य मला त्या पानांनी दिलं.

तिसऱ्यांदा, आमचे हे गेल्यानंतर. टिळक 1919 मध्ये गेले आणि पुस्तकाचा पहिला भाग आला 1934 मध्ये. म्हणजे मला शाळेत हसवणारं ते सगळं लक्ष्मीबाईंनी वैधव्यात लिहिलंय. हे आधी दोन्ही वेळा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुःख झालेल्या माणसाला हसण्याची मुभा असते, हे मला नातेवाइकांपैकी कुणी सांगितलं नाही. ते मला त्या पुस्तकात मिळालं.

आज वॉर्डात एखादी आजी आपली कहाणी लांबवत बसली की मी तिला मध्येच तोडत नाही. कहाणीतलं महत्त्वाचं वाक्य बहुतेकदा उशिरा येतं, ही सवय मला वाचनाने लागली.

तुमच्या पगाराबद्दलही बोलते, रागावू नका. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, पण ते हप्त्याने येतं आणि तुमच्यासारख्यांचं मानधन त्यावरच अवलंबून. दिवाळी अंकांचे गठ्ठे सोडवायला, फाटक्या पानांना खळ लावायला तुम्ही सुट्टीच्या दिवशीही यायचात. गावाने याची पुरेशी दखल घेतली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंदापासून आठवीतल्या दोन मुलींची अनामत आणि वर्गणी मी भरणार आहे. नावं शाळेतल्या बाई सुचवतील. तुमच्याकडे एकच मागणं आहे: निवृत्तीनंतरही आठवड्यातून एखादी संध्याकाळ वाचनालयात या आणि त्या मुलींना पुस्तक तुम्ही निवडून द्या. नव्या ग्रंथपाल ताईंनाही ते शेजारी बसून बघता येईल.

तुमची,
पूर्वीची बालसभासद, आताची सिस्टर