पहिल्या वाक्यातला मोडलेला हात

सातारा, ९ ऑक्टोबर

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी मी रागाने फोन ठेवला असे तुला वाटले असेल. तुझी आईही तेच म्हणते. खरे तर पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. तिकडे अमेरिकेत तुझ्या इमारतीतल्या त्या काळ्या मुलावर चोरीचा आळ आला आहे, आणि ज्या वेळेची चोरी सांगतात त्या वेळी तो खाली तुझ्याच गाडीचे चाक बदलून देत होता, म्हणून २९ तारखेला तू त्याच्या बाजूने साक्ष देणार आहेस, हे तू भाजी आणायला निघाल्यासारखे सांगितलेस. त्यावर 'तुला काय पडले आहे?' असे माझ्या तोंडून गेले, आणि तू म्हणालीस, 'बाबा, ते पुस्तक मला तुम्हीच दिले होते.'

दिले होते खरे. रविवारी माळ्यावरच्या पेटीतून ते काढले. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'ची आपली ती पुठ्ठा सुटलेली प्रत; आत तुझे बारावीचे हॉलतिकीट अजून तसेच आहे. तीन रात्रींत पुन्हा वाचून काढले. आश्चर्य याचे वाटले, की तुला देताना मी स्वतः त्याचे पहिले वाक्यसुद्धा नीट वाचले नव्हते. त्या पुस्तकाची सुरुवात न्यायाने होत नाही आणि वकील अ‍ॅटिकस फिंचनेही होत नाही. जेम तेरा वर्षांचा होत आला असताना त्याचा हात कोपरात वाईट रीतीने मोडला, येथून ती होते. वकिलाच्या पोराचा हात. हार्पर ली बाईंनी धैर्याचा हिशेब पहिल्याच ओळीत मांडून ठेवला आहे आणि आपण सगळे तो ओलांडून पुढे जातो.

मी एकतीस वर्षे कोर्टात बेंच क्लार्क होतो, त्यामुळे माझी नजर भलत्याच जागी जाते. मेएला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ आलेला काळा टॉम रॉबिन्सन, ज्याचे वकीलपत्र अ‍ॅटिकसकडे आहे, साक्षीला उभा राहतो तो प्रसंग आठव. लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून त्याचा डावा हात कायमचा निकामी झालेला. तो उजव्या हाताने डावा उचलून बायबलवर ठेवतो आणि शपथेसाठी उजवा वर करतो. तेवढ्यात डावा घसरतो आणि क्लार्कच्या टेबलावर आपटतो. तो पुन्हा ठेवू लागतो, तेव्हा न्यायाधीश टेलर 'राहू दे' म्हणतात. खटला खरे तर तिथेच संपला होता. मेएलाला मारहाण झाली ती मुख्यतः चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. आणि या माणसाचा डावा हात पुस्तकावर ठरतसुद्धा नाही. क्लार्कच्या त्या टेबलाशी मी बसलेलो आहे. हजारो लोकांनी 'ईश्वरसाक्ष खरे सांगेन' म्हटलेले मी ऐकले आहे. समोर एवढे दिसत असताना ज्यूरीची बारा माणसे आत जाऊन 'दोषी' म्हणून बाहेर येतात, हे वाचताना मला पुस्तक मिटावे लागले.

तुला आठवते का, शनिवारी सकाळची शाळा सुटली की तू दप्तर घेऊन कोर्टात यायचीस आणि शेवटच्या बाकावर बसायचीस? एकदा तू मोठ्याने विचारलेस, 'बाबा, त्या पिंजऱ्यातल्या काकांना खुर्ची का नाही?' साहेब हसले, वकील हसले, मी मात्र तुझ्यावर डोळे वटारले. घरी येऊन नलूआत्याला अभिमानाने सांगितले, हे तुला कधी कळू दिले नाही.

आता कामाचे सांगतो. उलटतपासणीत विचारतील तेवढेच उत्तर दे. टॉम बुडाला तो एका जादा वाक्याने. त्या मुलीची कामे तू फुकट का करून द्यायचास, असे विचारल्यावर 'मला तिची दया यायची' असे तो बोलून गेला. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची कीव करावी, हे अलाबामातल्या त्या बाकांवर बसलेल्यांना आरोपाहूनही मोठा गुन्हा वाटले. तेव्हा कीव, राग, तत्त्व यांतले काहीही दाखवू नकोस. वेळ, जागा, चाक, एवढेच. आणि परतताना एकटी गाडीपर्यंत चालत जाऊ नकोस.

हे शेवटचे मी लिहिणार नव्हतो. तुझ्या आईला तसा शब्द दिला होता. आणि टॉमच्या भोळ्या खरेपणाला मी चूक ठरवून बसलो, याचीही आता लाज वाटते. चूक ऐकणाऱ्यांची होती. क्लार्कची खोड म्हणून सोडून दे.

पण मुक्ता, त्या कादंबरीत अ‍ॅटिकसचा अंदाज चुकतो तो नेमका कुठे, हे पाहा. मेएलाचा बाप बॉब यूएल भर रस्त्यात त्याच्या तोंडावर थुंकतो. मुले घाबरतात, त्यावर हा गृहस्थ म्हणतो की यूएलचा राग त्यातच निघून गेला, आता भिण्याचे कारण नाही. एवढा हुशार माणूस! पुढे हॅलोविनच्या रात्री यूएल अंधारात येतो तो वकिलाच्या अंगावर नाही, त्याच्या पोरांच्या अंगावर. शाळेच्या कार्यक्रमासाठी डुकराच्या मांडीच्या आकाराचा तारेचा सांगाडा अंगावर चढवलेली जेमची ती एवढीशी बहीण स्काउट (हे आत्याला वाचून दाखवू नकोस), त्या तारेमुळेच वाचते. जेमचा हात मोडतो. कधी घराबाहेर न पडणारा बू रॅडली शेजारच्या घरात होता, तो धावून आला म्हणून पोरे जिवंत राहिली. तुझ्या इमारतीत असा कोणी आहे का, हे मला ठाऊक नाही. आणि तुझी तारीख हॅलोविनच्या दोन दिवस आधीची आहे. हा योगायोग आहे हे मलाही समजते.

ही कादंबरी १९६० ची, गोष्ट १९३३ ते १९३५ ची. त्याच अलाबामा राज्यात १९३१ साली स्कॉट्सबरोचा खराखुरा खटला झाला. आगगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या बायकांनी बलात्काराचा आरोप केला आणि आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे १९३३ च्या फेरखटल्यात त्या दोघींपैकी रूबी बेट्स हिने बचाव पक्षाकडून उभे राहून, असे काही घडलेच नव्हते, अशी साक्ष दिली. आमच्याकडे साक्षीदार फितूर होतो तो खऱ्याकडून खोट्याकडे. ही उलटी फिरली. तरी ज्यूरीने त्या खटल्यातल्या पोराला दोषीच ठरवले. न्यायाधीश हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. काळ्यांना ज्यूरीतून वगळले जाते म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा उलटवल्या त्या १९३५ साली. या तारखा मी तुला का सांगतो आहे? खरे बोलून ताबडतोब काही पदरात पडेल असे समजू नकोस, एवढ्यासाठी. की तू जाऊ नयेस म्हणून? मलाच नक्की कळत नाही.

तू मागे म्हणाली होतीस की त्या पुस्तकात टॉमला बोलायला जेमतेम एक प्रकरण मिळते आणि बाकी सगळे गोऱ्या माणसांच्या चांगुलपणाचे कौतुक आहे. तेव्हा मी वाद घातला होता. या वेळी टॉमची बायको हेलन शोधत गेलो. सतरा गोळ्या झाडून टॉमला तुरुंगात मारल्याची बातमी घेऊन अ‍ॅटिकस येतो, आणि ती तिथेच मातीत कोसळते. तेही आपल्याला डिल या पोरांच्या मित्राच्या तोंडून, दुरून कळते. तुझे म्हणणे बरोबर होते.

एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. तू सातवीत असताना एका मारहाणीच्या खटल्यात सोळा-सतरा वर्षांचा एक साक्षीदार होता. आदल्या दिवशी दुपारी व्हरांड्यात दोन माणसे त्याच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. हात प्रेमाचा नव्हता. मी फाइल घेऊन त्यांच्या अंगावरून गेलो, पोराने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याला काहीच आठवत नव्हते. साहेबांच्या कानावर घालायला मला एक मिनिट लागले असते. बदलीची भीती होती, तुझी शाळा होती, हे सगळे खरे आहे. शनिवारी तू बोललीस तेव्हा पहिल्यांदा तो पोरगा आठवला. म्हणून मी गप्प झालो.

तेव्हा जा. निळा कुडता घाल, तो तुला शोभतो. गाडी कोर्टाच्या दाराशी, उजेडात लाव. मिळाली नाही तर त्या मुलाच्या आईला बरोबर चालायला सांग, ती नाही म्हणणार नाही. तिथे संध्याकाळचे पाच म्हणजे इथे पहाटेचे साडेतीन. मी जागाच असेन. घरी पोहोचून आतून कडी लावलीस की फोन कर, निकालाचे नंतर सांग.

तुझे
बाबा

ता. क. आई विचारते आहे की ते चाक पंक्चरच होते ना, की बदलायलाच झाले आहे. मीही तेच विचारणार होतो.