दत्तक पालकांची पारख करताना घरातल्या आजीलाही विचारा

मा. संपादक,
स. न.

मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची पात्रता ठरवताना मोजता येण्याजोग्या गोष्टी नियमांनी नेमक्या सांगितल्या आहेत. लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत, मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर असावे, दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असल्यास पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नसावी, हे सारे कागदांवरून तपासता येते. खरी पारख व्हायची ती सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन करतात त्या गृहभेटीत, आणि नेमकी तीच उरकली जाते, असा माझा अनुभव आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या शेजारी राहणाऱ्या एका दाम्पत्याकडे अशी भेट झाली, तेव्हा शेजारीण या नात्याने मीही तेथे होते. नवरा यंत्रमागावर, बायको शिवणकाम करणारी, घर दोन खोल्यांचे. भेटीचा बहुतेक वेळ पगार, घरभाडे आणि पासबुक यांतच गेला. वास्तविक पालक आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत एवढेच नियम सांगतो. त्याने उत्पन्नाचा आकडा घातलेला नाही. बाळाला दिवसभर ज्या सांभाळणार, त्या सासूबाई मात्र आत चहा करीत होत्या आणि त्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, बाळ आपल्यातलंच असेल का, तेवढं तरी विचारायला हवं होतं." त्या मनाने वाईट नाहीत; त्यांना कोणी बोलतेच केले नाही.

दुसरा राहून गेलेला प्रश्न त्याहून अवघड आहे. मूल दत्तक असल्याचे त्याला कोण सांगणार आणि केव्हा? "आम्ही त्याला कधीच कळू देणार नाही," असे पुष्कळजण मायेपोटीच म्हणतात. परंतु आमच्यासारख्या दाटीच्या वस्तीत ही गोष्ट शाळेच्या वाटेवर कोणीतरी बोलून जातेच. असे उत्तर देणाऱ्यांना लगेच अपात्र ठरवू नये, त्यांचे समुपदेशन करावे.

सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. त्यांच्यापुढे त्या घराचे चित्र उभे करणारा मुख्य कागद म्हणजे गृहभेटीचा अहवाल. तो तीन वर्षे ग्राह्य धरला जातो आणि तेवढ्या काळात घरातली माणसे, नोकरी, प्रकृती, सारे बदलू शकते. मूल घरी आल्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी होते, हे योग्यच. पण घर जुळले नाही हे तेव्हा उमगले, तर त्याची किंमत मूल मोजते.

म्हणून गृहभेटी किमान दोन व्हाव्यात, त्यांतली एक सगळे घरी असताना संध्याकाळी व्हावी, वडीलधाऱ्यांशी स्वतंत्र बोलणे व्हावे आणि मूल सोपवण्यापूर्वी जुन्या अहवालाची पुन्हा खातरजमा केली जावी. त्यासाठी सामाजिक कार्यकर्त्यांची संख्या वाढवावी लागेल, याकडे जिल्हा प्रशासनाने लक्ष द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर